मोराच्या पायाशी भुरी

“ॲसिड आणलंय ना?”

उंबऱ्याच्या आत पाऊल पडायच्या आधी मला हा प्रश्न विचारला जातो. मी “नाही” म्हटलं की समोरच्या माणसाचा चेहरा पडतो. डॉक्टरांनी इंजेक्शन न देता नुसत्या गोळ्या लिहून दिल्या की काही पेशंटांचा पडतो ना, तसाच. फेस आला नाही, धूर निघाला नाही, डोळ्यांतून पाणी आलं नाही, तर ही बाई काय डाग काढणार, असं त्यांच्या मनात येतं. एकदोघांनी तर मला बाहेरच्या बाहेर चहा पाजून परत पाठवलेलं आहे.

मी साताऱ्यात राहते आणि लोकांच्या घरातल्या दगडांवरचे डाग काढते. त्यातही बुरशीचे. न्हाणीघरातली शहाबादी, स्वयंपाकघरातला कडप्पा, देवघरातला संगमरवर, जिथे ओल राहते तिथे कधी ना कधी मला बोलावणं येतं. आमचे हे सैन्यात तोफखान्यात होते. निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी फरशीला पॉलिश करायचं मशीन घेतलं. ते मशीन घरघर करत सगळी आळी डोक्यावर घेतं, पण तोफांनी यांचे कान आधीच मऊ करून ठेवलेत, त्यामुळे यांची काही तक्रार नसते. गिऱ्हाईक यांना ‘फौजी’ म्हणतात आणि मला ‘पॉलिशवाल्या बाई’. पॉलिश मी कधीच केलेलं नाही. पण ‘बुरशीवाल्या बाई’ म्हणण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी चालवून घेते.

दिवाळी अंकासाठी लिहा, असं सांगणं आलं तेव्हा मी म्हटलं, चकल्या, रांगोळ्या आणि भविष्याच्या मधे तुम्ही माझी बुरशी कुठे बसवणार? पण खरं सांगायचं तर दिवाळीच्या तोंडावरच लोकांना स्वतःची फरशी दिसते. वर्षभर ते तिच्यावर नुसते चालत असतात.

तर आधी ॲसिडचं. संगमरवर म्हणजे एका अर्थी चुन्याचाच भाऊ. त्याच्यावर ॲसिड टाका, लिंबू पिळा, नाहीतर व्हिनेगर ओता, तो फसफसतो. बघणाऱ्याला वाटतं डाग निघतोय. प्रत्यक्षात दगड निघत असतो. डागाखालचा दगडच गेला की डाग जाणारच, त्यात कसलं आलंय कौतुक! मग तिथे हात फिरवला की खरखरीत लागतं, आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशी त्या खरखरीत जागेत बिऱ्हाड करून राहते.

माझी पद्धत कंटाळवाणी आहे. आधी कोरड्या मऊ ब्रशने वरची बुरशी झटकायची, तोंडाला फडकं बांधून. मग साध्या सौम्य साबणाच्या पाण्याने पुसायचं. तरी आत मुरलेला काळेपणा राहिला तर लेप लावायचा. मेडिकलमध्ये जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, ते पांढऱ्या मातीत कालवून थालीपिठाच्या पिठाइतपत घट्ट करायचं आणि डागावर थापायचं. वर प्लास्टिक, कडेने चिकटपट्टी. एक दिवस तसंच ठेवायचं, मग प्लास्टिक काढून वाळू द्यायचं. लेप वाळताना आतला डाग वर ओढून घेतो. लाकडी उलथन्याने हलक्या हाताने खरवडायचं, पाण्याने पुसायचं आणि कोरडं करायचं. हे सगळं आधी कोपऱ्यात, कपाटाखाली, कोणाला दिसणार नाही अशा जागी करून बघायचं. घाई झालेल्या माणसाने या धंद्यात पडू नये. आमचे हे म्हणूनच मशीन चालवतात.

पण डाग काढणं हा निम्माच धंदा. उरलेला निम्मा म्हणजे ओल कुठून येते ते शोधणं, आणि तिथेच माणसं आडवी येतात.

पाचगणीला एका साहेबांचा बंगला आहे. पावसाळाभर कुलूप, दिवाळीला उघडायचा. न्हाणीघराची भिंत सुंदर काळ्या दगडाची, आणि तिच्यावर दरवर्षी हिरवी मखमल. मी म्हटलं, पावसात निदान आठवड्यातून एकदा माळीबुवांना खिडक्या उघडायला सांगा. साहेब म्हणाले, “खिडकी उघडली की माकडं येतात.” मी म्हटलं, माकड हुसकून लावता येतं, बुरशीचं तसं नसतं. ते शांतपणे म्हणाले, “पण बाई, बुरशी फ्रीज उघडत नाही.” दरवर्षी जाते आणि भिंत पुसून येते.

सांगलीत एका आजींच्या संगमरवरी पायरीवर बुरशीचा डाग वाढत वाढत सोंडेसारखा झाला. शेजारणींनी आधी नमस्कार केला, मग हळदकुंकू वाहिलं. आजी रोज सकाळी त्याला तांब्याभर पाण्याने स्नान घालू लागल्या आणि पाणी मिळाल्यावर सोंड आणखी लांबली. मला बोलावलं सुनेने. आजींनी मात्र पायरीवर बसून बजावलं, “आजूबाजूची बुरशी काढायची. देवाला हात लावायचा नाही.” आता देव आणि बुरशी यांच्यामधली रेघ मी कुठे ओढणार? शेवटी म्हटलं, “आजी, एवढ्या गारठ्यात रोज गार पाण्याने अंघोळ? देवालाही सर्दी होईल. काही दिवस नुसता दिवा लावून बघा.” स्नान थांबलं, पायरी वाळली, सोंड पुसट होत गेली. आजींनी शेजारणींना सांगितलं, देव गावाला गेले. सून अजून दिवाळीला मला फराळाचा डबा पाठवते.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट तासगावकडची, द्राक्षबागायतदाराच्या घरातली.

फोन आला तो आबांचा. “बाई, आमच्या देवघरात भुरी आलीया.”

मला आधी कळलंच नाही. द्राक्षवाले भुरी म्हणतात ती वेलीवरची बुरशी. पानावर, मण्यांवर राखेसारखी पसरते आणि हातातोंडाशी आलेला माल घालवते. म्हटलं, “आबा, मी दगडांचं काम करते. बागेचं नाही.”

“दगडावरच आलीया की. पांढऱ्याशुभ्र संगमरवरावर. आन् तुमी लौकर या. घट बसायच्या आत हे व्हायाला पायजे.”

“एवढी घाई कसली?”

बारीक आवाजात उत्तर आलं, “आमच्या मंडळी बेदाण्याच्या शेडमधी ऱ्हायाला गेल्यात.”

जाऊन बघितलं आणि मी दारातच थांबले. देवघर आणि स्वयंपाकघर मिळून एक लांबलचक खोली, सगळी पांढऱ्या संगमरवराची. आणि तो पांढरा संगमरवर निळा झाला होता. आभाळी निळा. मधे मधे पिवळसर छटा आणि त्या निळ्यातूनही डोकं वर काढून बसलेले बुरशीचे काळे ठिपके. वास तर असा की द्राक्षाच्या मांडवाखाली उभी आहे असं वाटावं.

“काय मारलंत हो यावर?”

आबा पन्नाशी ओलांडलेले, आडव्या हाडाचे, मिशा पिळदार. ते अपराध्यासारखे उभे असतील असं मला वाटलं होतं. छे! ते छाती काढून सांगायला लागले. “आदी गंधक मारलं. भुरीला गंधकच लागतं. पाठीवरचा पंप घिऊन आख्खी खोली धुतली. पर हाटली न्हाई. मग बोर्डो मारला.”

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना यांचं निळं पाणी. बागेत ते दुसऱ्या रोगांवर मारतात. देवघरात मारलेलं मी प्रथमच बघत होते.

“आन् परमान चुकलेलं न्हाई बरं का,” आबा म्हणाले. “विळा बुडवून बघितला मी. तांबडा झाला न्हाई, म्हंजी चुना बराबर पडलाय. एक नंबर बोर्डो झालावता.”

बोर्डो एक नंबर झाला होता यात शंकाच नव्हती. संगमरवराने तो अगदी आवडीने पिऊन घेतला होता. आमच्या ह्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि मोठ्याने विचारलं, “निळाच बसवला होता का?” मी त्यांना गाडीत नेऊन बसवलं.

बोर्डो मारल्यावर दुसऱ्या सकाळी नैवेद्य दाखवायला म्हणून सुलाताई, म्हणजे आबांच्या मंडळी, देवघरात आल्या आणि निळी फरशी बघून मागे फिरल्या. गॅसची शेगडी, सिलिंडर, चार भांडी आणि अंथरूण गड्याकरवी बेदाण्याच्या शेडमध्ये हलवलं. जाताना एवढंच म्हणाल्या, “घट बी तितंच बसवीन.” आबांच्या जिवाला घोर लागला होता तो याचा. बायको शेडमध्ये राहते हे लोकांना सांगता येतं. पावसाळी हवा, उकडतं, काहीही सांगता येतं. पण कुळस्वामिनीचा घट एवढा बंगला सोडून पत्र्याच्या शेडमध्ये बसला, तर पाहुण्यारावळ्यांत, गावात तोंड कुठे दाखवायचं? आणि शेड रिकामी. बेदाण्याचा हंगाम उन्हाळ्याचा. त्यामुळे तेवढी एक सबबही त्यांना उरलेली नव्हती.

मी कामाला लागले. आधी निळं काढायचं. तांब्याच्या अशा डागाला माझ्याकडे एक गावठी इलाज आहे. कल्हईवाले वापरतात तो नवसागर बारीक कुटायचा, शंखजिऱ्याच्या, म्हणजे टाल्कच्या, पावडरीत मिसळायचा आणि अमोनियाच्या पाण्यात कालवून लेप द्यायचा. वासाने डोकं उठतं, म्हणून दारं उघडी टाकायची. आणि त्याच्या जवळपाससुद्धा ब्लीच फिरकू द्यायचं नाही, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो. दोनदा लेप दिल्यावर निळं गेलं. धुऊन, पुसून, वाळवून मग पेरॉक्साइडचा लेप दिला आणि काळे ठिपकेही गेले. फरशी अशी झाली की आबा चप्पल हातात घेऊन दारातच उभे राहिले.

“बलवा त्यास्नी,” मला म्हणाले. स्वतः बोलवायला जायची छाती नव्हती.

सुलाताई आल्या. उंचनिंच बाई, कपाळाला ठसठशीत कुंकू. उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहिल्या. माझ्या कामाकडे बघितलं, नाक वर करून हवा हुंगली आणि म्हणाल्या, “बेस केलंसा. पर परत यील.” आणि पाठ फिरवून शेडकडे चालत्या झाल्या.

मला राग आला. चांगलाच आला. माझ्या फरशीला असं आजवर कुणी तोंडावर म्हटलेलं नव्हतं. वाटेत मी ह्यांच्याजवळ तणतण केली, आणि ह्यांनी साताऱ्यापर्यंत “हो ना” म्हटलं. त्यांना काय ऐकू आलं देव जाणे.

थोड्याच दिवसांत आबांचा फोन आला. भुरी परत आली होती.

या वेळी मी उदबत्ती घेऊन गेले. ही माझी जुनी युक्ती. बंद खोलीत उदबत्ती लावायची आणि धूर कुठे जातो ते बघायचं. धूर सरकला तर वारा आहे. धूर सरळ उभा राहिला तर वारा नाही, आणि जिथे वारा नाही तिथे ओल ठाण मांडते. गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं. मी उदबत्ती लावली की माणसं चपला काढतात, बायका डोक्यावर पदर घेतात. आबांनी तर हात जोडले.

धूर सरळ छतापर्यंत गेला. काठीसारखा. वर्षभराची स्वयंपाकाची वाफ, देवाच्या स्नानाचं पाणी, दमट हवा, सगळं त्या खोलीत कोंडलेलं. आणि बुरशी सुरू होत होती ती पश्चिमेच्या भिंतीच्या बुडापासून. त्या भिंतीवर रंगीत टाइल्सचा भलामोठा मोर होता. पिसारा छताला टेकलेला, चोच वळवून आपल्याकडे बघणारा. भुरी आली होती ती मोराच्या पायाशी.

“आबा, या भिंतीला खिडकी नाही?”

“मोर हाय की.”

“मोर दिसतोय. खिडकी होती का?”

“मोर लय झ्याक बसीवलाय गवंड्यानं,” आबा म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

मी सरळ शेडकडे गेले. बेदाण्याची शेड म्हणजे वर पत्रा, चारी बाजूंनी मोकळं, आत जाळ्यांचे थर एकावर एक. द्राक्षं त्यावर पसरतात आणि नुसत्या वाऱ्यावर वाळवतात. सुलाताई एका बाजूला शेगडी मांडून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी त्यांच्यासारखीच उंच, त्यांच्यासारख्याच नाकाची एक बाई भाजी निवडत होती. मला बघून ती उठली नाही, फक्त हसली.

“ही मंगल,” सुलाताई म्हणाल्या. “माझी धाकटी भन. आन् जाऊ बी. आमच्या बाबांनी दोगी एकाच घरात दिल्या, येकीला येक आसू दे म्हणून.”

मी उदबत्ती लावली. धूर निघाला आणि निघता निघताच आडवा होऊन पळाला.

सुलाताईंनी ते बघितलं. “हितं वल्ल्या द्राक्षाला बुरशी येत न्हाई,” त्या म्हणाल्या, “आन् तितं कोरड्या दगडाला येतीया.”

“तिथली खिडकी कुणी बुजवली?”

त्यांनी हातातली पळी खाली ठेवली आणि बोटाने दाखवलं. शेडमधून बंगल्याची मागची बाजू दिसत होती. मधे अरुंद बोळ, बोळाच्या पलीकडे दुसरा बंगला, आबांच्या धाकट्या भावाचा, बापूंचा. बापूंच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. तिच्या बरोबर समोर, आबांच्या भिंतीवर, नव्या गिलाव्याचा एक चौकोन उठून दिसत होता. आतल्या बाजूला मोर, बाहेरच्या बाजूला चौकोन.

मग सुलाताईंकडून मला सगळं कळलं. दोघा भावांच्या बागा शेजारी शेजारी. एका वर्षी दोन्ही बागांत भुरी पडली. आबा म्हणाले, तुझ्याकडनं आली. बापू म्हणाले, तुमच्याकडनं. भुरीचं बी वाऱ्यावर उडतं, कुणाकडून कुणाकडे गेलं ते देवालासुद्धा सांगता येणार नाही. पण तेवढ्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं. बायकांचं चालूच होतं. दोन्ही खिडक्यांतून हात लांब केला की वाटी पोचायची. मीठ जायचं, आमटी यायची आणि त्याबरोबर दोन्ही घरांतली बित्तंबातमीही. आबांना ते खपेना. त्यांनी एके दिवशी गवंडी बोलावला, खिडकी बुजवली, वर मोर बसवला आणि बायकोचा राग निवावा म्हणून खाली सगळीकडे पांढरा संगमरवर घातला.

“मी काय संगमरवर मागितलावता व्हय?” सुलाताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. “मला माझी खिडकी पायजे. निळी फरशी चालंल, काळी चालंल. आवं, शेणानं सारवा म्हनावं, तरी चालंल.”

म्हणजे बोर्डो हे निमित्त होतं. आबांनी फरशी निळी केली आणि बायकोच्या हातात आयतं कारण दिलं. शेड बरोबर दोन्ही घरांच्या मागे होती. मंगलताईंच्या मागच्या दारातून दहा पावलं. बहिणी रोज तिथे बसून दोन्ही घरांचा स्वयंपाक करत होत्या आणि दोघे भाऊ आपापल्या घरात, एकाच पातेल्यातली आमटी, एकमेकांच्या नकळत ओरपत होते.

आता हे आबांना सांगणार कोण? मी दगडाची बाई. खिडकीचा सल्ला मला देता येतो, भावाचा नाही. मी खूप विचार केला आणि घरात जाऊन आबांच्या समोर बसले.

“आबा, मला बागेतलं काही कळत नाही. भुरी कशाने येते हो?”

द्राक्षवाल्याला बागेबद्दल विचारलं की तो खुलतो. “आवं, पानं दाट ऱ्हायली की येती. वारं खेळायला पायजे. मांडव कोंदटला की भुरी आलीच म्हना.”

“मग नुसतं औषध मारून जाते?”

“छ्या! औषध चार दिवस. आदी पानं काढायची. मांडव मोकळा करायचा. वाऱ्याला वाट...”

आणि तिथे आबा थांबले. मोराकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मिशीवरून हात फिरवला. मग एकदम उठून उभे राहिले आणि गरजले, “मोराला हात लावायचा न्हाई!” आणि ताडताड बागेकडे निघून गेले.

मी सामान आवरलं. परत येताना ह्यांनी विचारलं, “काम झालं?” म्हटलं, नाही झालं. खरंच वाईट वाटलं. डाग काढता न आल्याचं वाईट वाटतं ते वेगळं आणि हे वेगळं. त्या दोघी शेडमध्ये माझ्याकडे बघत राहिल्या होत्या, ते डोळ्यांपुढून जाईना.

घट बसायच्या आदल्या दिवशी सकाळी सकाळी फोन वाजला.

“बाई, फौजींना धाडा. मशीन घिऊन.”

“पॉलिशचं?”

“फोडायचं.”

आम्ही पोचलो तेव्हा आबा मोरासमोर खुर्ची टाकून बसले होते. आम्हाला बघून नुसती मान हलवली. ह्यांनी वाटेत भाड्याने घेतलेलं फोडायचं मशीन लावलं. आयुष्यात इतक्या आनंदाने ह्यांनी काही काम केलं असेल तर तेच. आधी पिसारा गेला, मग मान, शेवटी पाय. विटा पडायला लागल्या, धुळीने खोली भरली आणि मग एका विटेच्या जागी उजेडाचा तुकडा दिसला. पाठोपाठ वारा आला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडायला लागलं. धूळ दाराकडे निघाली, जणू कुणी तिला हाताला धरून बाहेर काढत होतं.

चौकटीइतकी जागा मोकळी झाली. बोळाच्या पलीकडे, बापूंच्या खिडकीत, मंगलताई उभ्या होत्या. त्यांच्या मागे बापू, हातात चहाची कपबशी. इतका आवाज झाल्यावर बघायला आलेच असणार. आता कुणाला मागे सरता येईना. आबा इकडे, बापू तिकडे, मधे वाटीभर अंतर.

सुलाताई शेडमधून आल्या. कुणाकडेही न बघता देवघरात गेल्या, उदबत्ती लावली आणि हात लांब करून धरली. धूर खिडकीकडून आत वळला आणि सरळ दाराबाहेर गेला. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी माझ्या ब्रशांशी काहीतरी खुडबुड करत राहिले. मलाही रडू आलं होतं आणि या धंद्यात धुळीचं निमित्त नेहमी हाताशी असतं.

मग पलीकडून बापूंनी घसा साफ केला. बशीतला चहा हिंदकळला.

“आबा,” ते म्हणाले, “गेली का भुरी?”

नेमका तोच शब्द. ज्या शब्दावरून एवढं सगळं झालं, तोच. आबांनी मिशीला हात लावला. आता हे गरजणार, असं वाटून मी मागे सरकले.

“जाईल आता,” आबा म्हणाले. “वारं तुज्याकडनं येतंय न्हवं.”

मंगलताईंच्या हातातली वाटी खिडकीतून पुढे आली आणि सुलाताईंनी ती घेतली. वाटीत काय होतं ते मी पाहिलं नाही.

आमच्या ह्यांनी मशीनची वायर गुंडाळली, कानातला कापूस काढला आणि आपल्या तोफखान्याच्या आवाजात मला विचारलं, “काय म्हणाले गं ते?”

“म्हणाले, फरशी वाळली.”